तेलातील कचरा आणि फिरती यंत्रे : एका उपेक्षित शास्त्राचा इतिहास

इजिप्तमध्ये नाईल नदीच्या पूर्वतीरावर देर अल-बर्शा नावाचे एक ठिकाण आहे. तेथे जेहुतिहोतेप या प्रांताधिपतीच्या थडग्यात सुमारे ३,९०० वर्षांपूर्वी रंगविलेले एक भित्तिचित्र होते. एक प्रचंड पुतळा लाकडी घसरगाडीवर बांधला आहे, १७२ माणसे दोरखंडांना धरून तो ओढीत आहेत, आणि पुतळ्याच्या पायाशी उभा राहून एक मनुष्य गाडीच्या पुढे घड्यातील काही द्रव ओतीत आहे. हा काहीतरी धार्मिक विधी असावा असे पुष्कळ दिवस समजले जात होते. २०१४ मध्ये अॅम्स्टरडॅम विद्यापीठातील पदार्थवैज्ञानिकांनी वाळूवर घसरगाडी ओढून पाहिली, तेव्हा असे आढळले की वाळू बेताची ओली असेल तर ओढण्यास लागणारे बळ जवळजवळ निम्मे होते. मात्र पाणी जास्त झाले की फायदा नाहीसा होतो. म्हणजे घडा घेऊन उभा असलेला तो मनुष्य पुजारी नव्हे, तो वंगणवाला होता!

आम्हाला या चित्रात एक गोष्ट विशेष वाटते. ओढणारे १७२ आहेत आणि ओतणारा एक आहे. त्या एकाच्या हिशेबात चूक झाली तर उरलेल्यांच्या घामाला किंमत राहणार नाही. यंत्रयुगात हे प्रमाण फारसे बदलले नाही. बदलले ते एवढेच की ओढणारी माणसे जाऊन तेथे वाफ, तेल आणि वीज आली. वंगणवाला मात्र एकच राहिला, आणि इतिहासकारांनी त्याच्याकडे पाहिले नाही.

वंगण हा शब्द आपल्या कानांना बैलगाडीच्या चाकापासून ओळखीचा आहे. आस कोरडा पडला की चाक ओरडू लागते, बैलांना ओढ जड जाते आणि तुंबा आतून झिजतो. हे गाडीवानाला कोणी शिकवावे लागत नसे. आसाला जेथे आधार असतो आणि जेथे तो फिरतो, त्या जागेला परिभाषाकारांनी ‘धारवा’ असा चांगला मराठी शब्द दिला आहे. परंतु कारखान्यात, गॅरेजात आणि पिठाच्या गिरणीत सर्वत्र ‘बेअरिंग’ असेच म्हणतात, तेव्हा आम्हीही तसेच म्हणू. प्रश्न असा आहे : बेअरिंगमध्ये तेल आहे, तेही पुरेसे आहे, आणि तरीही बेअरिंग जळते किंवा फुटते, असे का व्हावे? या साध्या प्रश्नाचे नीट उत्तर मिळण्यास रेल्वेयुग सुरू झाल्यापासून दीडशे वर्षे लागली. ती कशी लागली हे पाहावयाचे आहे.

आगगाडी येईपर्यंत वंगण म्हणजे प्राण्यांची चरबी किंवा बियांचे तेल. इंग्लंडमधील पहिल्या आगगाड्यांच्या आसपेट्यांत चरबीपासून केलेले घट्ट वंगण भरीत. आस गरम झाला की ते वितळून आपोआप खाली उतरावे, अशी योजना होती. म्हणजे आधी गरम व्हावयाचे आणि मग उपचार! अमेरिकेत दुसरी पद्धत होती. आसपेटीच्या तळाशी तेल आणि त्यात बुडविलेला सुताचा गुंता, ज्याला कामगार ‘वेस्ट’ म्हणतात, तो कोंबलेला असे. वेस्टमधून तेल वर चढावे आणि फिरत्या आसाच्या अंगाला लागावे. ही युक्ती स्वस्त होती व चालतही असे. परंतु या वेस्टचाच एखादा धागा सुटून आस आणि वरची पितळ यांच्यामध्ये ओढला जाई. ओलसर फडक्याने पाटी पुसावी तसा तो धागा आसावरचे तेल पुसून काढी. मग धातूवर धातू घासे, वेस्ट पेट घेई, आणि गार्डाला डब्याखालून धूर दिसे. याला रेल्वेच्या भाषेत अमेरिकेत ‘हॉट बॉक्स’ व आपल्याकडे ‘हॉट अॅक्सल’ म्हणतात. जळणाऱ्या आसपेट्यांचे कारण नेहमीच तेल कमी हे नसे. पुष्कळदा तेल पोहोचविण्यासाठी घातलेली वस्तूच तेलातला कचरा ठरे. या इतिहासातील पहिला विनोद येथेच घडला.

आपल्याकडे १८५३ च्या एप्रिलात मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली आणि पुढल्याच वर्षी मुंबईत कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची उभारणी हाती घेतली. या दोन्ही धंद्यांना वंगण लागे, आणि हिंदुस्थानात ते मुबलक पिकत होते : एरंडेल. आगगाडीच्या आसांना एरंडेल पुष्कळ काळ घातले जाई. एरंडेल दाट असते, धातूला घट्ट धरून राहते, ही त्याची थोरवी. हवेत राहून ते चिकट होते, ही त्याची खोड. गिरणीत तर हवेत सदैव कापसाचे तूस उडत असते. चिकट तेलावर तूस बसते, तुसावर धूळ बसते, आणि चातीच्या बुडाशी काही दिवसांत एक काळा लगदा तयार होतो. चातीचे बेअरिंग एका बंद तेलाच्या कुपीत बसवून तुसाला बाहेर ठेवण्याची युक्ती १८७० नंतरच्या दशकात अमेरिकेत रॅबेथ याने काढली आणि त्यामुळे चात्यांचा वेग एकदम वाढविता आला. अशा चात्यांचे रिंग साचे हिंदुस्थानात प्रथम आजमावून पाहणाऱ्या गिरण्यांत जमशेटजी टाटांची नागपूरची एम्प्रेस मिल अग्रेसर होती. सुताचा धंदा कोणी जिंकला याची कारणे सांगताना मजुरी, जकात, कापसाची जात यांची चर्चा होते. कुपीचे झाकण कोणी विचारात घेत नाही.

१८५९ साली पेन्सिल्व्हेनियात ड्रेक याला जमिनीखाली खनिज तेल लागले आणि वंगणाचे जग पालटले. चरबीतून वाफेच्या उष्णतेने अम्ले सुटत व ती पितळ-तांबे खात. खनिज तेलाने तो त्रास टळला. पण बाजारात नाना तऱ्हेची तेले आली आणि त्यांबरोबर भेसळही आली. अमेरिकेत रॉबर्ट थर्स्टन या प्राध्यापकाने तेल तपासण्याचे यंत्र तयार केले ते याच काळात. तथापि तेल बेअरिंगमध्ये जाऊन नेमके करते काय, हे अजून कोणालाच ठाऊक नव्हते. तेल म्हणजे खरखरीत धातूचे खड्डे बुजविणारी एक लुकण, अशी सामान्य समजूत होती.

ही समजूत एका लाकडी खुंटीने खोटी ठरविली. ती हकीकत अशी. लंडनच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने घर्षणाचा शोध घेण्यासाठी एक समिती नेमली होती आणि तिने बोचॅम्प टॉवर या अभियंत्यास प्रयोग करावयास सांगितले. टॉवर याने आगगाडीच्या आसासारखा ४ इंच जाडीचा एक आस घेतला. त्याच्या वरच्या अंगावर पितळेची अर्धगोल पट्टी बसवून तिच्यावर भार ठेवला आणि आसाची खालची बाजू तेलाच्या टाकीत बुडती ठेवली. पुढे त्याने पितळेच्या माथ्यावर वरून तेल घालण्यासाठी एक भोक पाडले. यंत्र सुरू होताच त्या भोकातून तेल खाली जाण्याऐवजी वर येऊन बाहेर वाहू लागले. त्रास नको म्हणून त्याने भोकात लाकडी खुंटी ठोकली. ती खुंटी हळूहळू वर सरकून बाहेर पडली. तेव्हा टॉवर याने भोकाला दाबमापक लावला. पितळेवर सरासरी भार चौरस इंचास १०० पौंडांचा होता. मापकाचा काटा २०० च्याही पुढे गेला! १८८३ मध्ये त्याचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. त्याचा अर्थ एवढाच होता की पितळ आसाला टेकलेलेच नाही. ते तेलावर तरंगत आहे.

त्याच वर्षी सेंट पीटर्सबर्ग येथे पेत्रोव्ह याने निराळ्या वाटेने असाच निष्कर्ष काढला होता, आणि १८८६ मध्ये मँचेस्टरच्या ओझबर्न रेनल्ड्‌ज या प्राध्यापकाने या सर्वांचे गणित मांडले. फिरता आस बेअरिंगच्या बरोबर मध्यभागी न राहता किंचित बाजूला सरतो. त्यामुळे आस आणि बेअरिंग यांमधील फट एका बाजूने निमुळती होते. फिरणारा आस आपल्या अंगाबरोबर तेल ओढून त्या निमुळत्या फटीत नेतो. तेलाला पुढे वाट अपुरी पडते, म्हणून त्याचा दाब वाढतो व तो दाब सगळा भार उचलून धरतो. पंप नको, झडप नको. आसच स्वतःचा पंप होतो. यंत्रशास्त्रात इतकी सुंदर गोष्ट दुसरी क्वचितच असेल.

या शोधाचा कळस पुढे पाण्याच्या टर्बाइनांत झाला. ऑस्ट्रेलियात मिचेल याने १९०५ मध्ये आणि अमेरिकेत किंग्जबरी याने स्वतंत्रपणे असे बेअरिंग योजिले की ज्यात छोट्या छोट्या गाद्या किंचित कलू शकतात आणि प्रत्येक गादीखाली तेलाची पाचर आपोआप तयार होते. १९१२ साली सस्क्वेहॅना नदीवरील होल्टवूडच्या वीजघरात किंग्जबरीचे बेअरिंग बसविले गेले. त्याच्या आधी तेथे रोलरची बेअरिंगे वारंवार मोडत असत. दोनशे टनांच्या आसपास भार पेलणारे ते नवे बेअरिंग पुढे कित्येक दशके चालले आणि उघडून पाहिले तेव्हा झीज नावालाच आढळली. तेलाच्या थरावर तरंगणारी वस्तू झिजणार कशी?

हा थर असतो केवढा? मोठ्या बेअरिंगांत तो साधारणपणे ५ ते ५० मायक्रॉन भरतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस ७० मायक्रॉनांच्या आसपास असतो आणि ४० मायक्रॉनांहून लहान कण उघड्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे शेकडो टनांचे यंत्र ज्यावर उभे आहे तो तेलाचा थर केसाहूनही पातळ आहे, आणि त्यात शिरून त्याला भेदणारा कण आपल्या नजरेस पडणाराच नाही. टॉवर याच्या प्रयोगातील तेल स्वच्छ होते. रेनल्ड्‌जच्या समीकरणात तर तेलाखेरीज दुसरे काही नव्हतेच. शास्त्राचा पाया घातला गेला तो स्वच्छ तेलावर, आणि कारखाने मात्र घाणेरड्या तेलावर चालत होते. या दोहोंमधील अंतर जवळजवळ शंभर वर्षे कोणी मोजले नाही, असे आमचे मत आहे.

व्यवहारात मात्र एक तोडगा आधीपासूनच होता. १८३९ मध्ये आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराने बेअरिंगाच्या आत कथिल, अँटिमनी व तांबे यांच्या मऊ मिश्रधातूचे अस्तर ओतण्याची रीत काढली. तिचे मोल इतके होते की अमेरिकेच्या काँग्रेसने त्याला २०,००० डॉलर दिले. मऊ धातू कशासाठी? वाळूचा कण फटीत सापडला तर तो मऊ अस्तरात रुतून बसतो आणि आसाला ओरखडत नाही. आस महाग, अस्तर स्वस्त. अस्तराने मार खावा आणि आस वाचवावा, असा हा व्यवहार. पण अस्तराच्या पोटाला मर्यादा असते. कण फार झाले, किंवा अस्तराच्या जाडीपेक्षा मोठे आले, म्हणजे रुतलेल्या कणांचीच कानस तयार होते आणि ज्या आसाला वाचवावयाचे त्यालाच ती घासू लागते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण ती सामान्य समजुतीच्या उलट आहे. मोठा खडा सर्वांत घातक असे आपल्याला वाटते. पण फटीहून मोठा कण फटीत शिरतच नाही, आणि फटीहून फार लहान कण तेलाबरोबर निघून जातो. जो कण बरोबर फटीएवढा असतो, तो आत शिरतो आणि अडकतो. खरे नुकसान तो करतो. म्हणून गाळणीत सापडलेले मोठे तुकडे पाहून समाधान मानणे म्हणजे दरोडेखोर पकडून घरातल्या चोराला किल्ल्या देण्यासारखे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेल घालण्याची पद्धतही बदलली. पूर्वी तेलवाला झारी घेऊन फिरे; तेल एकदा बेअरिंगमधून गेले की खाली गळून वाया जाई. १८९० मध्ये बर्मिंगहॅमच्या बेलिस अँड मॉरकॉम या कारखान्यातील पेन नावाच्या अभियंत्याने तेच तेल पंपाने पुन्हा पुन्हा दाबाखाली खेळविण्याची योजना केली. तेल वाचले, यंत्रांचा वेग वाढला, वीजघरे शक्य झाली. परंतु जुन्या उधळ्या पद्धतीत एक गुण होता तो गेला : वाया जाणारे तेल कचरा आपल्याबरोबर बाहेर नेई. फिरत्या तेलात जो कण एकदा आला तो घरचाच झाला. तो पुन्हा पुन्हा बेअरिंगमध्ये येतो, आणि येताना नवे कण जन्माला घालतो.

उधळ्या पद्धतीचे शेवटचे मोठे वैभव पहिल्या महायुद्धातील विमानांनी पाहिले. त्या काळच्या कित्येक विमानांत सिलिंडरांसकट सगळे एंजिनच गरगर फिरे. पेट्रोलची वाफ त्याच्या पोटातून जात असल्यामुळे तेलात पेट्रोल मिसळून ते पाण्यासारखे होण्याची भीती होती, आणि खनिज तेलाचे तसेच होई. एरंडेल पेट्रोलमध्ये सहजासहजी विरघळत नाही. म्हणून फ्रान्सच्या आकाशातील लढायांना एरंडेल लागले आणि हिंदुस्थानच्या एरंडीला एकाएकी युद्धसामग्रीची प्रतिष्ठा आली. जळलेले एरंडेल वैमानिकाच्या तोंडावर उडे. त्याचा त्याच्या पोटावर काय परिणाम होत असे, हे आपल्याकडील कोणत्याही आजीला सांगावयास नको.

आता गोळ्यांच्या व रोलरांच्या बेअरिंगांकडे वळले पाहिजे, कारण कचऱ्याचा खरा कहर तेथे आहे. स्वीडनमधील गोथेनबर्गच्या एका कापडगिरणीत स्वेन विंगक्विस्ट हा अभियंता होता. गिरणी चिकणमातीच्या जमिनीवर होती. जमीन हलली की लांबलचक शाफ्ट वाकडे होत आणि बेअरिंगे जात. त्याने १९०७ मध्ये स्वतःला सरळ करून घेणारे गोळ्यांचे बेअरिंग तयार केले आणि त्यातून एस. के. एफ. ही कंपनी उभी राहिली. सायकलपासून आगगाडीपर्यंत गोळ्या व रोलर पसरले. १९३० मध्ये अमेरिकेतील टिमकेन कंपनीने सर्व आसांवर रोलर बेअरिंगे बसविलेले एक प्रचंड वाफेचे एंजिन तयार करविले आणि दोन-चार माणसे ते हातांनी ओढीत असलेली छायाचित्रे प्रसिद्ध केली. देर अल-बर्शाच्या १७२ माणसांची आठवण येथे कोणाला झाली की नाही, कोण जाणे!

या बेअरिंगात तेलाचा थर मायक्रॉनभर, पुष्कळदा त्याहूनही पातळ असतो. गोळी आणि कडे यांचा स्पर्श सुईच्या डोक्याएवढ्या जागेत होतो, त्यामुळे तेथे दाब प्रचंड असतो. या जागी पोलादाहून कठीण असा वाळूचा कण आला तर गोळी त्याच्यावरून जाताना कड्यात खळगा पाडते. खळगा लहानच असतो, पण त्याच्या कडेला धातू उचलून वर आलेला असतो. पुढची प्रत्येक गोळी त्या उंचवट्यावर आदळते. मिनिटाला हजारो वेळा हा मार बसला की तेथे पोलादाच्या पोटात सूक्ष्म चीर पडते. ती वाढत वाढत पृष्ठभागाला मिळते, आणि एक खपली निघते. खपलीचे तुकडे तेलात मिसळतात व तेच काम दुसरीकडे सुरू करतात. कण निघून गेलेला असतो. त्याने केलेली खूण मात्र बेअरिंगला संपवते.

आता पाहा की शास्त्र काय म्हणत होते. स्वीडनमधील पामग्रेन याने १९२४ मध्ये आणि मग लुंडबर्गच्या सहकार्याने १९४७ मध्ये बेअरिंगच्या आयुष्याचे सूत्र मांडले. एकाच जातीच्या शंभर बेअरिंगांपैकी नव्वद जितके टिकतील ते त्या जातीचे आयुष्य, असे ठरले. गोळ्यांच्या बेअरिंगवर भार दुप्पट केला तर आयुष्य एक-अष्टमांश होते, हा हिशेब त्यातूनच आला. हे सूत्र उत्तम होते आणि त्याच्यावर जगभराच्या कारखान्यांचा संसार चालला. परंतु त्यात तेलाच्या स्वच्छतेला जागा नव्हती. पोलादाचा थकवा ही नियती आहे. लवकर फुटले तर भार जास्त असेल, पोलाद हलके असेल, नाहीतर तेलवाल्याने हयगय केली असेल! बहुतेक ठिकाणी तिसरे कारण सोयीचे पडे. तेलवाला हा कारखान्यातील सर्वांत कमी पगाराचा माणूस, आणि त्याच्या हातात झारी दिसत असे. पिंपातून आलेले तेलच मलीन असेल, टाकीच्या झाकणाची फट उघडी असेल, गाळणीच बसविलेली नसेल, या गोष्टी त्याच्या हातात नव्हत्या. झारीने न्याय करणे सोपे होते.

या समजुतीला पहिला तडा रेल्वेनेच दिला. १९४६ च्या सुमारास अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रांड रेल्वेने डिझेल एंजिनातील वापरलेले तेल जाळून त्याच्या प्रकाशाचा वर्णपट पाहण्यास सुरुवात केली. प्रत्येक मूलद्रव्याची वर्णपटात ठराविक रेघ असते. तांबे किंवा शिसे वाढलेले दिसले तर बेअरिंग झिजत आहे. सिलिकॉन वाढलेले दिसले तर बाहेरची धूळ आत येत आहे, कारण धूळ-वाळू ही बहुतांशी सिलिकाच. सोडियम दिसले तर थंडाव्याचे पाणी गळत आहे. रक्त तपासून वैद्याने पोटातला रोग सांगावा तसे एंजिन न उघडता निदान होऊ लागले. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या आरमाराने ही रीत विमानांसाठी उचलली.

दुसरा तडा इंग्लंडमध्ये गेला. इंपीरियल कॉलेजचे सेल्स आणि वेस्टलँड हेलिकॉप्टर कारखान्याचे मॅकफर्सन यांनी गाळणीचा सूक्ष्मपणा बदलत बदलत बेअरिंगे चालवून पाहिली. त्यांचा निबंध १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. ४० मायक्रॉनांची गाळणी काढून ३ मायक्रॉनांची लावली तर आयुष्य अनेकपट वाढते असे त्यांना दिसले. हे अपेक्षितच म्हणता येईल. पण दुसरे निरीक्षण चकित करणारे होते. बेअरिंग पहिला अर्धा तास मलीन तेलात चालविले आणि नंतर अगदी स्वच्छ तेल दिले, तरी त्याचे गेलेले आयुष्य परत आले नाही. खळगे पहिल्या अर्ध्या तासातच पडून गेलेले होते. नवे यंत्र बसविताना नळांत राहिलेला लोखंडाचा कीस, वेल्डिंगचे मणी, ओतकामाची वाळू यांची किंमत या प्रयोगाने प्रथमच आकड्यांत मांडली. १९८५ मध्ये आयोआनिडीस व हॅरिस यांनी जुन्या सूत्रात सुधारणा सुचविली : भार एका मर्यादेत असेल आणि तेल खरोखर स्वच्छ असेल, तर बेअरिंगला थकव्याने मरण्याचे कारणच नाही. २००७ च्या आंतरराष्ट्रीय मानकात आयुष्याच्या हिशेबात तेलाच्या मलीनतेचा गुणक अधिकृतपणे आला. टॉवरच्या खुंटीपासून हे १२४ वर्षांचे अंतर झाले.

कचरा म्हणजे केवळ धूळ नव्हे. पाणी हा त्याहून लबाड शत्रू आहे. टिमकेन कंपनीच्या कँटली यांनी १९७७ मध्ये दाखविले की तेलात दशलक्ष भागांस १०० भाग पाणी असताना बेअरिंगचे जे आयुष्य असते, ते ४०० भाग पाण्याने निम्म्याहूनही कमी होते, आणि पाणी २५ भागांवर आणले तर दुपटीहून अधिक होते. १०० भाग म्हणजे किती? लिटरभर तेलात दोन थेंब. एवढे पाणी तेलात विरघळून जाऊ शकते. तेल गढूळसुद्धा दिसत नाही. पाण्याने तेलाचा थर दुबळा होतो, पोलादावर गंज चढतो, आणि लोखंड-तांब्याचे बारीक कण असतील तर तेल हवेने लवकर सडून आंबट होते. वाफेच्या टर्बाइनात हे पाणी वाफेच्या गळतीतून येते. आपल्या कारखान्यांत ते पुष्कळदा पिंपातूनच येते. उघड्या आवारात उभे ठेवलेले तेलाचे पिंप दिवसा तापते तेव्हा आतली हवा फुगून बाहेर जाते. रात्री निवते तेव्हा बाहेरची हवा आत ओढली जाते. पावसाळ्यात पिंपाच्या डोक्यावर तळे साचलेले असते, आणि बुचाच्या फटीतून हवेऐवजी ते तळेच थोडे थोडे आत जाते. पिंप आडवे ठेवून बुचे आतल्या तेलाखाली राहतील असे केले, तर या श्वासोच्छ्वासाला वाट राहत नाही. याला शास्त्रज्ञ लागत नाही, छप्पर लागते.

साखर कारखान्याचे उदाहरण महाराष्ट्रात कोणालाही पटेल. १९५० मध्ये प्रवरेच्या काठी पहिला सहकारी कारखाना गाळप करू लागला, आणि पुढे तशी धुराडी गावोगाव उभी राहिली. ऊस पिळणाऱ्या प्रचंड रुळांचा वेग मिनिटाला चार-पाच फेऱ्यांचा. इतक्या मंद गतीत तेलाची पाचर धड तयार होत नाही, आणि भार तर शेकडो टनांचा. बेअरिंगच्या कडेला उसाचा आंबट रस झिरपत असतो आणि चिपाडाची भुकटी उडत असते. येथे फिरत्या तेलाची आधुनिक पद्धत चालत नाही. दाट तेल थोडे थोडे पण सतत आतून बाहेर दाबावे लागते, म्हणजे ते बाहेर पडताना रसाला व भुकटीला बाहेर लोटते. जी पद्धत उधळी म्हणून इतरत्र टाकून दिली, ती येथे पहारेकरी म्हणून टिकली. पिठाच्या गिरणीतही हेच तत्त्व. जुन्या वंगणाचा काळा गोफ बेअरिंगच्या कडेने बाहेर येईपर्यंत शहाणा गिरणीवाला ग्रीसगन दाबतो, आणि तो गोफ पुसताना पीठ आत जाणार नाही याची काळजी घेतो.

या सर्वांचा खर्च किती, हे सरकारी दप्तरात प्रथम इंग्लंडात आले. १९६६ मध्ये पीटर जॉस्ट यांच्या समितीने सांगितले की घर्षण, झीज आणि वंगण यांकडे नीट लक्ष दिले तर ब्रिटिश उद्योग वर्षाला ५१ कोटी ५० लाख पौंड वाचवू शकतील. या विद्येला ‘ट्रायबॉलॉजी’ हे नाव त्याच अहवालाने दिले. आकडा ऐकून लोक दचकले, विद्यापीठांत अध्यासने निघाली. पण पौंडांचा हिशेब ज्याला लावता येत नाही असाही एक भाग आहे.

१० नोव्हेंबर १९७९ च्या मध्यरात्रीच्या सुमारास कॅनडात टोरांटोजवळ मिसिसागा येथे १०६ डब्यांची मालगाडी रुळांवरून घसरली. एका डब्याच्या जुन्या पद्धतीच्या बेअरिंगला वंगण अपुरे पडून आस तापला होता आणि तुटला होता. त्याची चाके वाटेतच निखळून एका घराच्या परसात जाऊन पडली. गाडीत प्रोपेनच्या टाक्या होत्या आणि क्लोरीनची एक टाकी होती. स्फोट झाले, क्लोरीन गळू लागला, आणि दोन लाखांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. एकही मनुष्य मेला नाही, हे तेथील यंत्रणेचे मोठेच यश.

रोलर बेअरिंगे आली, बंद झाली, त्यांच्या तोंडावर रबरी कडी बसली; लोहमार्गाच्या कडेला तापलेली बेअरिंगे उष्णतेवरून ओळखणारी उपकरणे उभी राहिली. तरीही ३ फेब्रुवारी २०२३ रोजी ओहायो राज्यातील ईस्ट पॅलेस्टाइन गावी एका मालगाडीचे ३८ डबे घसरले. चाकाचे एक बेअरिंग तापले होते. वाटेतील पहिल्या उपकरणाने ते हवेपेक्षा ३८ अंश फॅरनहाइटने अधिक गरम असल्याचे नोंदविले, दुसऱ्याने १०३ अंशांनी, आणि तिसऱ्याने २५३ अंशांनी. दुसऱ्या आणि तिसऱ्या उपकरणांमध्ये सुमारे २० मैलांचे अंतर होते, आणि धोक्याचा इशारा मिळाला तोपर्यंत थांबण्यास उशीर झाला होता. तीन दिवसांनी पाच टाक्यांतील विषारी व्हिनाइल क्लोराइड मुद्दाम बाहेर काढून जाळण्यात आले. जळालेल्या बेअरिंगची खोडच अशी असते की ते आपला पुरावाही जाळून टाकते. रोलर वितळतात, कडी निळी पडून वाकतात, ग्रीसची राख होते. आणि त्या ग्रीसमध्ये पाणी होते की धूळ, की काहीच नव्हते, हे सांगणारा कण नेमका त्या राखेतच गेलेला असतो.